माझं दुसरं पाणी

माझा बाप्तिस्मा दोनदा झाला. पहिल्या वेळी मी दीड महिन्याची होते आणि झोपेत होते. दुसऱ्या वेळी मी एका लेकराची आई होते आणि दुधना नदीत छातीइतक्या पाण्यात उभी होते. पहिल्या वेळी माझं मत कुणी विचारलं नाही. दुसऱ्या वेळी लोक दोन वर्षं विचारत होते आणि मी नाही म्हणत होते.

परभणी जिल्ह्यात तेव्हा आम्ही ख्रिस्ती लोक मूठभर, आणि त्या मुठीतसुद्धा दोन मंडळ्या. एक शिंपडणारी, एक बुडवणारी. शिंपडणारे तान्ह्या लेकराच्या कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देत. बुडवणारे म्हणत, लेकराला काय कळतं? माणूस मोठा व्हावा, त्यानं स्वतःच्या तोंडानं हो म्हणावं, मग त्याला अख्खा पाण्याखाली घालावा, तोच बाप्तिस्मा. दोन्हीकडच्यांना आपापली शास्त्रवचनं तोंडपाठ. पण माझे आजोबा शिंपडणाऱ्यांत का गेले, याचं कारण शास्त्रात नव्हतं. निजामाच्या काळात दोन मिशनांनी आपसांत मुलूख वाटून घेतला होता. रुळाच्या अलीकडची गावं यांची, पलीकडची त्यांची. आजोबांचं घर अलीकडं होतं, म्हणून ते शिंपडणारे झाले. चार फर्लांग पलीकडं असतं तर बुडवणारे झाले असते आणि तितक्याच तावातावानं भांडले असते.

माझे वडील परभणीत दवाखान्यात कंपाउंडर होते. मी सातवी पास होऊन मुलींच्या शाळेत लहान वर्गाला शिकवत होते. पोलीस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा वडिलांनी माझ्यासाठी स्थळ आणलं. मुलगा झरीच्या बाजूच्या एका खेड्यात शाळामास्तर. शांत, निर्व्यसनी, वाचनाचा नाद असलेला. फक्त बुडवणाऱ्यांतला.

आईनं ऐकलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. त्यांच्यात माणसाला म्हशीवानी डुंबवत्यात, असं ती म्हणाली. वडिलांनी तिला हिशोब समजावला. आपल्या मंडळीत लग्नाजोगी पोरं तीन. त्यांतली दोघं तिच्या सख्ख्या बहिणीची, म्हणजे माझे मावसभाऊ. तिसरा मिशनच्या बैलगाडीवर होता, तो पिऊन गाडीतच झोपायचा आणि बैल त्याला घरी आणायचे. आईनं रात्रभर विचार केला आणि सकाळी म्हणाली, मास्तर बरा.

लग्न आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, झालं. दोन्हीकडचे पाळक हजर होते. आमच्या पाळकांनी प्रार्थना केली, ती ऐकून त्यांच्या पाळकांनी जरा लांब केली, मग आमच्यांनी आशीर्वाद द्यायच्या निमित्तानं राहिलेलं सगळं सांगून टाकलं. तेवढ्या वेळात वऱ्हाडाच्या भाताचा गोळा झाला.

सासरी माणसं तीन. नवरा, मी आणि सासूबाई. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. सासूबाई उंच, काटक, निरक्षर, आणि मंडळीचा सगळा कारभार त्यांच्याच खांद्यावर. देऊळ म्हणजे मातीच्या भिंती आणि वर पत्रे. ते झाडणं, जाजम अंथरणं, प्रभुभोजनाची तयारी करणं, सगळं त्या करत. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षारस घेणं, महिन्यातून एकदा. द्राक्षारस कुठून आणणार? सासूबाई मनुका उकळून, कुस्करून, फडक्यातून गाळत. भाकर म्हणजे गव्हाची चपाती, तिचे तुकडे पितळी ताटलीत. रसाला एकच जर्मनचा, ॲल्युमिनियमचा पेला, तो सगळ्यांच्या तोंडाला फिरायचा.

तिथले पाळक बुटके, दम्याचे, स्वभावानं गरीब. माझ्या पहिल्याच रविवारी प्रभुभोजन होतं. मी नवं लुगडं नेसून सासूबाईंच्या शेजारी बसले होते. ताटली घेऊन पाळक रांगेतून आले. सासूबाईंनी तुकडा घेतला. मी हात पुढं केला. पाळकांनी जमिनीकडं पाहिलं आणि ताटली माझ्या डोक्यावरून पलीकडच्या बाईला दिली. पेलाही तसाच वरून गेला. लहानपणापासून मी एक रविवार चुकवला नव्हता, अर्धं स्तोत्रपुस्तक मला पाठ होतं. आणि इथं मी पंगतीत वाढप्यानं ओलांडून जावं तशी हात पुढं करून बसले होते. तो हात परत मांडीवर आणायलाही मला वेळ लागला.

घरी आल्यावर सासूबाई भाकरी थापता थापता सरळ म्हणाल्या, "आमच्याकडं तुझं पाणी झालेलं न्हाई. झालं की मिळंल."

मी म्हणाले, माझं दीड महिन्याची असतानाच झालंय, वडिलांच्या ट्रंकेत दाखला आहे.

"कागद भिजला आसंल," त्या म्हणाल्या. "तू न्हाई."

मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि वर्तमानपत्र उघडलं. तो निजामाच्या शाळेत उर्दूत शिकलेला आणि नंतर एका सकाळी कागद आला म्हणून मराठीत शिकवायला लागलेला. कागद येतात, माणसं बदलतात, आपण गप्प राहावं, हा त्याचा तेव्हाचा धर्म.

मी हट्टाला पेटले. एकदा झालेलं परत करायचं म्हणजे पहिलं खोटं होतं असं कबूल करणं, आणि माझ्या आईबापांचा त्यात अपमान होता. दोन वर्षं दर महिन्याला ती ताटली माझ्या डोक्यावरून गेली. मंडळीतल्या बाया मला हिरव्या मिरच्या, वाळूक आणि उपदेश एकदमच आणून देत. पाळक भेटले की दम्याची उबळ येत नसली तरी खोकून पुढं जात.

मध्येच मला मुलगी झाली. बाळंतपण माहेरी, परभणीत. बुडवणाऱ्यांच्या रीतीनं मुलगी मोठी होईपर्यंत तिला पाणी लावायचं नव्हतं. सव्वा महिना झाला त्या दिवशी आई म्हणाली, पोरीला देवी काढून आणते. पोरगी परत आली तेव्हा दंडावर लस टोचल्याची खूण नव्हती आणि टकुचं ओलं होतं. मी काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर आई निघाली तेव्हाच मला कळलं होतं, आणि मी मुद्दाम केस विंचरत बसले होते.

आईनं दाखला बाळाच्या दुपट्यांत घडी घालून ठेवला. सासरी आल्यावर तो सासूबाईंनाच सापडला. त्यांनी लेकाकडून वाचून घेतला. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. त्यांनी कागद होता तसाच घडी करून मला दिला.

"आसू दे," त्या म्हणाल्या. "पावसात भिजली म्हनावं."

त्याच महिन्यातल्या प्रभुभोजनाला त्यांनी जे केलं, ते मला अजून नीट उलगडलेलं नाही. ताटली त्यांच्यापुढं आली. त्यांनी ताटलीवर पालथा हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सून घेईल तवा घेईन."

पाळक तिथंच उभे राहिले. मंडळीत पापी माणसाला ताटली नाकारायची रीत त्यांना माहीत होती. मंडळीच्या खांबानंच ताटली नाकारली तर काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी ते पुढं गेले. जिनं मनुका उकळल्या, तिच्याच ओठाला रस लागला नाही. पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. बाया कुजबुजायला लागल्या की सून आली आणि सासूला देवाच्या पंगतीतून उठवलं.

घरी येताना मी विचारलं, आत्याबाई, असं का करताय? त्या चालता चालता म्हणाल्या, "घरात एकाला वाढायचं आन एकाला बघत बसवायचं. मला घास जाईना."

पाळकांना सांगून सासूबाईंनी नियम मोडायला लावला असता, तर पाळकांनी मोडलाही असता, कारण ते त्यांना घाबरायचे. पण असं काही सासूबाईंच्या डोक्यातच आलं नाही. नियम त्यांच्या लेखी उन्हासारखा होता. ऊन कमी करा असं त्या कुणाला म्हणणार नव्हत्या, माझ्याशेजारी उन्हात येऊन बसल्या होत्या, इतकंच. ती माया होती की दडपण, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही. दोन्ही असावं. मी तीन महिने टिकले. चौथ्या महिन्यात चुलीपुढं बसून म्हणाले, चला, कुठं बुडवायचं ते सांगा.

बुडवायला पाणी पाहिजे, ही बुडवणाऱ्यांची मोठी अडचण. गावातल्या विहिरीवर आमच्या लोकांना घागर बुडवू देत नव्हते, तिथं माणूस कोण बुडवू देणार? बाप्तिस्मे म्हणून नदीवरच व्हायचे. दिवाळी होऊन गेलेली, डोहात पाणी भरपूर, आणि सकाळची थंडी अशी की दात वाजत होते. वीस-पंचवीस माणसं काठावर जमली. पोरगी सासूबाईंच्या कडेवर. नवराही आला होता, कोट घालून.

बघतो तर डोहाच्या जरा वरच्या अंगाला शेजारच्या गावचा एक धनगर मेंढरं धूत होता. लोकर कातरायच्या आधी ती धुवावी लागतात. एकेक मेंढरू धरायचं, पाण्यात लोटायचं, चोळायचं, बाहेर काढायचं. ते सगळं मळकट, तेलकट पाणी आमच्या डोहात येत होतं. पाळकांनी त्याला विनंती केली की जरा थांब. तो म्हणाला, पंधरा-वीसच राह्यलीत, तुमीच थांबा. मग आम्ही थांबलो. पाळकांनी एक गीत सांगितलं, ते संपलं, मेंढरं संपली नाहीत, म्हणून दुसरं सांगितलं, सगळ्या कडव्यांसकट.

मेंढरं संपल्यावर धनगर हात पुसत काठावर आला. सासूबाईंची आणि त्याची ओळख होती. हे काय चाललंय म्हणून त्यानं विचारलं. सुनेला देवाच्या पदरात घालायलोय, असं त्यांनी सांगितलं. इतके दिवस नव्हती का, असं त्यानं विचारलं. तेव्हा त्यांनी सगळं उलगडून सांगितलं, की लहानपणी हिचं झालं होतं, पण ते नुसतं शिंपडून.

धनगरानं विचार केला. "मेंढराचं बी तसंच हाय," तो म्हणाला. "नुसतं शिंपडून भागत न्हाई. वरून वल्लं दिसतंय, आत घाण तशीच."

काठावरच्या लोकांना झालेला आनंद मी विसरणार नाही. इतकी वर्षं पुस्तकं वाचून जे कुणाला पटवता आलं नव्हतं ते एका हिंदू धनगरानं फुकटात सांगितलं होतं. कुणीतरी आमेनसुद्धा म्हणालं. मग धनगर घोंगडं खांद्यावर टाकत पुढं म्हणाला, "पर एकदा धुतलेलं मेंढरू मी दुसऱ्यांदा धूत न्हाई. गारठून मरतंय."

यावर कुणी आमेन म्हणालं नाही.

पाळक आणि मी पाण्यात उतरलो. मी त्यांच्यापेक्षा डोक्यानं उंच होते. त्यांनी एक हात माझ्या पाठीला लावला, दुसऱ्यानं माझे हात धरले, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं असं म्हणून मला मागं लोटलं. मी गेले पाण्याखाली. त्याच क्षणी त्यांचा पाय शेवाळलेल्या दगडावरून सटकला आणि तेही आले. मी नाकातोंडात पाणी जाऊन वर आले आणि बघितलं तर पाळक नाहीत. त्यांची टोपी तरंगत चालली होती. मी खाली हात घातला, कोटाची कॉलर हाताला लागली, ती धरून त्यांना उपसून उभं केलं. गार पाण्यानं त्यांचा श्वास अडकला होता. मी पाठीत दोन थापट्या मारल्या. धनगर कपड्यांसकट पाण्यात आला आणि त्यानं दुसरा दंड धरला. एवढं होईपर्यंत काठावर गीत चालूच होतं, कारण बहुतेकांनी डोळे मिटले होते.

पाळकांना बोलता यायला बराच वेळ लागला. पहिला शब्द त्यांनी काढला तो, "झालं."

झालं की नाही, यावर तिथंच वाद पेटला. एका वडील माणसाचं म्हणणं पडलं की माझी वेणी पाण्यावर राहिली होती, म्हणजे मी पूर्ण बुडाले नाही. दुसऱ्यानं शंका काढली की बुडणारीनंच पाळकांना वर काढलं, तर बाप्तिस्मा कुणी कुणाला दिला म्हणायचा? पाळक तेव्हा धनगराच्या घोंगड्यात गुंडाळलेले होते आणि त्यांचे ओठ निळे होते. ते म्हणाले, बाप्तिस्मा पक्का आहे, आणि परत पाण्यात जायची त्यांना प्रेरणा नाही. घोंगड्याचं दुसरं टोक सासूबाईंनी मला पांघरलं. त्याला मेंढरांचा वास येत होता, पण ऊब होती.

पुढच्या प्रभुभोजनाला ताटली माझ्यापुढं थांबली. पाळकांनी या वेळी माझ्याकडं बघितलं. मी तुकडा घेतला. मला वाटलं होतं आत काहीतरी हलेल. चपातीत मीठ जरा जास्त झालं होतं, एवढंच कळलं. मग सासूबाईंनी तुकडा घेतला, चार महिन्यांनी, आणि त्यांचा कोपर माझ्या कोपराला लागला. तेव्हा मात्र मला रडू आलं आणि लोकांनी ते पवित्र आत्म्याच्या खात्यावर टाकलं.

माझे केस वाळायच्या आत बातमी परभणीला पोचली होती. आईनं निरोप पाठवला की लेकीला आईबापाचं पहिलं पाणी पुरलं नाही, तर आईच्या हातचं अन्नही पुरायचं नाही. ती दीड वर्षं आमच्याकडं आली नाही आणि मी गेले तर माझ्याशी भिंतीकडं तोंड करून बोलायची. वडील यायचे. येताना पाळकांच्या दम्यासाठी पुड्या बांधून आणायचे. शिंपडणाऱ्यांच्या कंपाउंडरचं औषध बुडवणाऱ्यांच्या पाळकांना लागू पडायचं, त्याला कुणाची हरकत नव्हती.

याच सुमारास मराठवाडा मुंबई राज्यात गेला. नवऱ्यानं शाळेतल्या जुन्या नकाशावर कागद चिकटवून नवी हद्द काढली. आणि काही महिन्यांत मंडळीलाही एक पत्र आलं. साहेब लोक एकेक करून मायदेशी निघाले होते. जाता जाता दोन्ही मिशनांच्या वरिष्ठांनी ठरवलं होतं की आता देश एक झाला, राज्य एक झालं, तर मंडळ्यांनीही एक व्हावं. त्यासाठी परभणीत दोन दिवसांची सभा.

माझ्या माहेरच्या देवळापुढं मांडव पडला. रुळाच्या दोन्ही अंगांची माणसं आली आणि मांडवात बरोबर दोन अंगांना बसली, मधून बैलगाडी जाईल एवढी वाट सोडून. मुंबईहून एक साहेब आले होते. ते पुस्तकातून मराठी शिकलेले, व्याकरण अगदी शुद्ध. उभे राहिले आणि मोठ्या कळकळीनं म्हणाले, "बंधूंनो आणि भगिनींनो, आता आपण सर्वांनी मिळून एकीला जाऊ या."

एकीला जाऊ का, असं शाळेत पोरं करंगळी वर करून कशासाठी विचारतात हे त्या पुस्तकात नव्हतं. मांडवात मास्तरलोक बरेच होते. माझ्या नवऱ्यानं रुमाल तोंडात घातला. मागून कुणीतरी म्हणालं, साहेब, पैलं तुमी. दोन्ही बाजू एकदम हसल्या. त्या दोन दिवसांत दोन्ही मंडळ्यांनी एकत्र केलेली ती पहिली गोष्ट.

मग कामाला सुरुवात झाली. पहिला विषय बाप्तिस्मा. पत्रक वाचून दाखवलं गेलं की दोन्ही तऱ्हा ग्राह्य धरण्यात येत आहेत, कुणी कुणाला परत बाप्तिस्मा देऊ नये. कुणाची हरकत? कुणाचीच नव्हती. दहा मिनिटं लागली. मी जाजमावर बसून ते ऐकत होते. दोन वर्षांच्या ताटल्या, सासूबाईंचे चार महिने, आईची भिंत, पाळकांचे निळे ओठ, आणि दहा मिनिटं. मला हसावं की उठून कुणाच्या तरी टाळक्यात काही घालावं, ते समजेना.

राहिलेला सगळा वेळ पेल्यावर गेला. शिंपडणारे लहान लहान काचेचे पेले वापरत, प्रत्येकाला वेगळा. क्षयाचे दिवस आहेत, एकमेकांचं उष्टं नको, असं त्यांचं म्हणणं. बुडवणारे म्हणत, प्रभूनं एकच पेला फिरवला, आपण कोण वेगळे मांडणार? दुपारपर्यंत आवाज चढले. एकीच्या सभेतून दोन वडील माणसं एकमेकांचे आजे काढत बाहेर गेली.

स्वयंपाकाकडं बाया लागत होत्या म्हणून मी सासूबाईंना घेऊन मागं गेले. तिथं दोन चुली पेटल्या होत्या, आणि एकीवर माझी आई भाकरी थापत होती. दुसरीपुढं सासूबाई बसल्या. बराच वेळ दोघींनी आपापल्या परातीकडं बघत थापल्या. मी मध्ये पीठ चाळत होते आणि मला मान वर करायची हिंमत नव्हती.

शेवटी सासूबाईच बोलल्या. "विहीणबाई, तुमची लेक आमी बुडवली. पर वर बी काढली."

आईनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "कुटं काढली?" ती म्हणाली. "मी तर आयकलं, तिनंच तुमच्या पाळकाला काढलं."

आधी सासूबाईंचे खांदे हलायला लागले, मग आईचे. आईनं हसता हसता पिठाच्या हातानं डोळे पुसले आणि डोळे चुरचुरायला लागले, तेव्हा सासूबाईंनी लोटीभर पाणी आणून तिच्या तोंडावर मारलं. त्यानंतर आई माझ्याशी माझ्याकडं तोंड करून बोलायला लागली. मांडवात त्या वेळी हात वर करून मोजणी चालली होती.

लहान पेले जिंकले. साहेबांनी दोन्ही पाळकांचे हात एकमेकांच्या हातात दिले. आमचा फोटो काढला. आता वाद संपला, असं मी घरी येताना समजले होते. पण घरात पाऊल टाकल्यावर नवरा म्हणाला, त्याला ही एकी मान्य नाही.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे म्हणून वर्तमानपत्र वाचणारा हा माणूस. बायको दोन वर्षं उपाशी बसली तेव्हा त्याला तत्त्व आठवलं नाही, आणि आता काचेच्या पेल्यासाठी त्याचं रक्त तापलं. मी त्याला हे बोलून दाखवलं.

"उर्दूत शिकव म्हनले, शिकवलं," तो म्हणाला. "मराठीत शिकव म्हनले, शिकवलं. हैदराबादचा होतो, मुंबईचा केला. मला कुनी इचारलं न्हाई. ह्याला तरी मी न्हाई म्हनून बघतो."

माझा राग त्यावर कमी झाला नाही.

त्याच्यासारखीच आणखी पाच माणसं निघाली. आधी आम्ही दोन होतो, एकी झाल्यावर तीन झालो. ही तिसरी मंडळी आमच्याच ओसरीवर भरायची. रविवारी सासूबाई आणि मी पोरीला घेऊन देवळात जायला निघायचो, तेव्हा हे सहा जण एक पेला मध्ये ठेवून बसलेले असत. मनुका मात्र एकाच पातेल्यात उकळायच्या. सासूबाई गाळलेल्या रसातला अर्धा त्या पेल्यात ओतत आणि अर्धा लोटीत घालून देवळात नेत. यात काही चुकतंय असं त्यांना वाटत नव्हतं.

तिसऱ्या मंडळीत सहा माणसं आणि सहाही उपदेशक. ऐकणारा कुणी नाही. पहिल्या दोन महिन्यांत एक जण चिडून गेला, कारण त्याची पाळी आली की बाकीचे खोकतात. मग भाकर खमिराची की बिनखमिराची यावर दोघं गेले. चौथ्याची बदली झाली. शेवटी माझा नवरा आणि एक बहिरे म्हातारे गृहस्थ राहिले. ते महिने मात्र बरे गेले. नवरा तासभर उपदेश करायचा, म्हातारबाबा मान डोलवायचे, पेला दोघांत पुरून उरायचा. उन्हाळ्यात म्हातारबाबा लेकीकडं देवगाव फाट्याच्या बाजूला राहायला गेले.

त्यानंतरच्या रविवारी नवरा ओसरीवर एकटाच बसला होता. मला तेव्हा दुसरं लेकरू झालं होतं, ते खांद्यावर होतं. आम्ही निघालो. अर्ध्या वाटेत मागून पावलं वाजली. सासूबाईंनी मागं बघितलं नाही, मलाही बघू नको म्हणून हातानं खुणावलं.

तो पुरुषांच्या बाजूला शेवटच्या रांगेत बसला. पेल्यांची थाळी घेऊन पाळक त्याच्यापर्यंत पोचले आणि थांबले. मी ताटलीखाली मान घालून काढलेले ते सगळे रविवार मला आठवले, आणि खोटं कशाला बोलू, एक क्षण वाटलं की जाऊ दे आता याच्याही डोक्यावरून. पाळकांनी थाळी त्याच्यापुढं धरली. त्यानं तो एवढासा पेला उचलला, उजेडाकडं धरून बघितला, आणि पिऊन टाकला.

परत येताना तो पाळकांच्या उपदेशातल्या व्याकरणाच्या चुका मोजत होता. सासूबाई म्हणत होत्या, शिंपडणाऱ्यांच्या नादानं गीताची चाल बिघडली. मी दोघांच्या मागून चालले होते. लेकरू झोपलं होतं आणि घरी जाऊन मला चूल पेटवायची होती.